विमान ऐकणारी काठी

जरा माझ्याबरोबर चला, पोरांनो. चपला घालायची गरज नाही, बसल्या जागेवरूनच जायचंय. समजा, तुम्ही माणदेशातल्या एका माळावर उभे आहात. इकडे सातारा जिल्ह्यातलं माण, तिकडे सांगली जिल्ह्यातली आटपाडी, आणि मधे एक गाव. गाव इतकं लहान की पाहुणे आधी पुढं निघून जातात, मग फोन करून मागं येतात.

आता वर बघा. पांढरी रेघ ओढत विमान चाललंय. तुम्हाला वाटतं, ते नुसतं घरघरतंय. तसं नाही. ते ओरडतंय. ‘मी अमक्या नंबरचं विमान, एवढ्या उंचीवर आहे, इथं आहे, तिकडं निघालोय.’ बाजारात चुकलेलं पोर जसं दिसेल त्याला आपलं नाव-गाव सांगत सुटतं, तसं ते क्षणाक्षणाला सांगत असतं. मात्र हे ओरडणं रेडिओच्या लहरींतून चालतं, म्हणून आपल्या कानांना त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी वेगळा कान लागतो. तो केवढा? तुमचं मधलं बोट बघा. जवळपास तेवढा तांब्याच्या तारेचा तुकडा. मोठ्या गोष्टी ऐकायला मोठाच कान लागतो असं काही नाही.

असा कान मायानं केला. माया सातवीतली. आईबाप मुंबईत कामाला, म्हणून ती आजी-आबांकडे गावात राहायची. तिनं तो हौसेखातर केला असता तर बिघडला तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण तिनं तो केला आजीच्या अटीसाठी.

झालं असं होतं. मायाचा काका राजवर्धन बेंगळुरूला गलाईचं दुकान चालवायचा. गलाई म्हणजे सोन्याचांदीचा चुरा आणि मोड वितळवून शुद्ध करायचं काम. या भागातली पुष्कळ माणसं देशभर विखरून हाच धंदा करतात. काकाच्या बायकोला बाळ होणार होतं, तिला आई नव्हती, आणि तिनं फोनवर सासूला सांगितलं होतं, “आई, तुमीच या.” सासू म्हणजे मायाची आजी, रंगुबाई. मागच्या खेपेला रंगुबाई बसनं बेंगळुरूला गेली आणि आल्यावर महिनाभर पाठ धरून आढ्याकडे बघत पडली. डॉक्टरांनी लांबची बस बंद केली. म्हणून काकानं येत्या रविवारचं पुण्याहून विमानाचं तिकीट काढलं.

रंगुबाई म्हणाली, “रेल्वेला खाली रूळ असतात. बशीला खाली रस्ता असतो. इमानाच्या खाली काय असतं? आपुनच.”

मायानं तिची समजूत काढायला मोबाईलवर विमानांचा नकाशा दाखवला. एक पिवळं विमान मुंगीच्या चालीनं दक्षिणेकडे सरकत होतं. रंगुबाई टक लावून बघत बसली. आणि नेमकं माणदेशावर आल्यावर विमान थांबलं.

“का गं थांबलंय?”

“नेट गेलं, आजी.”

“त्येचं गेलं का आपलं?”

“आपलं. ते चाललंय.”

“चाललंय म्हनती, आन् हितं तर हुबं हाय. वर चाची टपरी हाय का?”

गोठ्याच्या भिंतीवर उभं राहिलं तरच नेट यायचं, त्यामुळं विमान बराच वेळ उभं राहिलं. शेवटी रंगुबाईनं निकाल दिला. “मी बसते. पन मी वर आसंपातूर तू हितनं माझ्यावर नजर ठिवायची. त्या मोबाईलवरनं न्हाई. सवता. तुला जमलं तर जाते, न्हाई तर त्या बाळाला सांगा, तुझ्या आजीला पंख फुटलं न्हाईत म्हनून.”

म्हणजे रविवारच्या आत मायाला स्वतःचा कान करायचा होता. नाही तर तिकडं काकू एकटी.

काकानं जुना लॅपटॉप आणि त्याला लावायचा एक डोंगल आधीच पाठवला होता. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हएवढा रेडिओ. मायानं वायरिंगच्या जाड तांब्याच्या तारेचे पाच तुकडे केले, सात सेंटिमीटरला थोडे कमी. एक तुकडा मधे सरळ उभा. बाकीचे चार त्याच्या बुडाशी, चारी दिशांना, खाली झुकवलेले. उभा तुकडा विमानाचं ऐकतो, आणि खालचे चार त्याला पाय रोवायला जमीन देतात. ही वस्तू तिनं हरिबाआबांच्या हातात दिली. आबा तिचे आजोबा, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले.

आबांनी ती फिरवून फिरवून बघितली. “ह्ये तर वांग्याचं देठ हाय, उलटं धरल्यालं.”

“अँटेना हाय, आबा.”

“आसंल. पन मी बाजारात बघितलं तर वांगंच मागीन.”

पावसापासून बचाव म्हणून मायानं त्यावर शीतपेयाची प्लास्टिकची बाटली बूड कापून पालथी बसवली. प्लास्टिक लहरींना अडवत नाही, अडवतो तो धातू. हे वाक्य जरा लक्षात राहू द्या, कारण मायाला ते पाठ होतं आणि तरी उपयोग झाला नाही. मग सगळं बांबूच्या काठीवर बांधून आबांनी स्लॅबवर उभं केलं. मायाला शिडी बंद होती. गेल्या उन्हाळ्यात तिनं शिडीवरून उडी मारून हात मोडून घेतला होता, आणि उडी का मारली याचं तिच्याकडे आजही उत्तर नव्हतं. अंगणातून वर बघावं तर कडुलिंबाच्या फांद्या आड यायच्या. त्यामुळं वरचं सगळं बघणं आबांकडे.

केबल खाली आली, लॅपटॉपला लागली. पडद्यावर नकाशा उमटला. माण होतं, आटपाडी होती, विमान एकही नव्हतं.

आता गावात कुणाचं काही बंद पडलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सयाजी आला. सयाजी गावातल्या डिश बसवायचा आणि आभाळातून येणारं जे काही असेल ते आपल्याच खात्यात येतं असं समजायचा.

“तोंड चुकलंय,” तो पडद्याकडे न बघताच म्हणाला. “आबा, आडवी करा तिला. आन् आग्नेयेकडं फिरवा.”

“सयाजीकाका, ही डिश न्हाई. हिला तोंडच न्हाई, ही चारी बाजूंनी ऐकती.”

“चारी बाजूंनी आइकणाऱ्या बाईचं कवा भलं झालंय का?” सयाजी म्हणाला. आतून रंगुबाई खाकरली आणि तो लगेच सावरून बसला.

आबांनी अँटेना आडवी केली. मग आग्नेयेला केली. मग बाटली काढली. तेवढ्यात सयाजीनं खाली केबल उलटी-सुलटी करून बघितली आणि मायानं लॅपटॉप बंद करून चालू केला. पडद्यावर एक विमान चमकलं आणि गेलं.

“आलं बघा,” सयाजी म्हणाला. “आग्नेय.”

“बाटलीमुळं आलं,” वरून आबा म्हणाले.

“मग गेलं कशामुळं?” मायानं विचारलं. सगळ्यांनी मिळून पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळं कुठल्या एकीचा गुण आणि कुठलीचा दोष, हे कळायची सोयच उरली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सयाजी म्हणाला, उद्या येतो, आणि पाणी बघायला लागू नये म्हणून घाईनं गेला.

आबा शिडीवरून उतरले. मायाशेजारी बसून तंबाखू मळत म्हणाले, “कळपात कुनीतरी खोकतंय. कुटलं मेंढरू खोकतंय ह्ये कसं वळखायचं?”

“मला काय म्हाईत.”

“कळपात घुसून आरडलं तर सगळीच पळत्यात, आन् पळाल्यावर सगळीच खोकत्यात. वाघरीच्या तोंडाशी बसायचं.” वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. “येकच मेंढरू जाईल एवढं तोंड उघडायचं, आन् येकयेक मेंढरू भाईर सोडायचं. भाईर आलेलं खोकलं न्हाई, तर त्येला बाजूला घालायचं. त्येच्यावर परत संशय घ्यायचा न्हाई. आसं करत गेलं की दुखनेकरी जातंय कुटं?”

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मायानं पहिलं काम केलं ते सगळ्यांना सांगायचं की मी विचारल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. सयाजीकाकांनी तर खिशातून हात काढायचेच नाहीत.

तिनं आधी अँटेना पहिल्यासारखी उभी करून घेतली. तरी विमान नाही. मग ती खाली मागवून अंगणात टेबलावर ठेवली आणि लांब केबल काढून वीतभर केबलनं डोंगलला जोडली. थोड्या वेळात पडद्यावर एक विमान आलं, मग दुसरं. म्हणजे लॅपटॉप निरोगी, डोंगल निरोगी, वांग्याचं देठही निरोगी. ही तीन मेंढरं बाजूला. उरली लांब केबल. तिचं टोक मायानं भिंगाखाली धरलं. टीव्हीच्या केबलमध्ये मधोमध एक तार असते आणि भोवती जाळी. या जाळीचा केसाएवढा एक धागा वाकून मधल्या तारेला चिकटला होता. दोघींनी एकमेकींना शिवायचं नसतं, शिवल्या की सगळी बातमी तिथंच जिरते. मायानं तो धागा कापला.

केबल पुन्हा जोडली, अँटेना पुन्हा स्लॅबवर गेली, आणि पडद्यावर विमानं आली. आबांनी तोंडात बोट घातलं. सयाजीनं खिशातून हात काढून टाळी वाजवली.

रंगुबाई हात पुसत येऊन बसली. “ह्यातलं पुन्याचं कंचं?”

“हे बघ. पुण्याहून बेंगळुरूला चाललंय. रविवारी तू आशीच जाणार.”

रंगुबाईनं त्या विमानावरची नजर काढली नाही. ते सरकत सरकत जतच्या पुढं गेलं, विजापूर मागं टाकून पार लांब गेलं, आणि पडद्यावरून नाहीसं झालं.

“गेलं,” रंगुबाई म्हणाली.

“हां, गेलं,” माया आनंदात म्हणाली. ती दुसऱ्या विमानाची उंची वाचत होती.

रंगुबाई दूध तापवायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा कोरा.

मायानं अंगणातून आवाज दिला. “आबा, वर बघून सांगा. काठी सरळ उभी हाय का?”

आबा वर चढले. “व्हय.”

“बाटली हाय?”

“हाय.”

“केबल सुटली न्हाई ना?”

“न्हाई.”

“काय अडकलंय का? पतंग, चिंधी, काय पण?”

आबांनी नीट बघितलं. “काय सुदिक न्हाई.”

मायानं केबलचं टोक परत बघितलं. ठणठणीत. अंगणात छोट्या केबलनं बघितलं. ठणठणीत. आणि अंधार पडायच्या सुमाराला, कुणी कशाला हात लावला नसताना, विमानं आपली आपण आली. जेवणं होईपर्यंत होती, मग गेली. सकाळी चहाच्या वेळी आली. शाळेला जाईपर्यंत गेली.

“सोपं हाय,” सयाजी म्हणाला. “सकाळ-संध्याकाळच उडत्यात. दुपारी कोन उडंल, एवढ्या उन्हाचं?”

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला निघायचं. रंगुबाईची पिशवी अजून भरलेली नव्हती, आणि ती कुणी काही विचारलं की पडद्याकडे बोट दाखवायची. “त्येला इचारा.”

माया अंगणात मांडी घालून बसली. सगळी मेंढरं वाघरीबाहेर आली होती, एकही खोकलं नव्हतं. मग खोकतंय कोण? एकच गोष्ट उरली होती, जी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली नव्हती. ती उठली, बंदी मोडली आणि शिडी चढली.

स्लॅबवर काठी सरळ उभी होती. बाटली होती. केबल होती. आणि बाटलीवर, टोपी घातल्यासारखं, शेळीच्या दुधाचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं पालथं घातलेलं होतं.

“आबा,” तिनं वरून हाक मारली. “काठीवर पातेलं हाय.”

“व्हय की.”

“मग सांगितलं का न्हाई?”

आबांना खरोखरच समजेना. “तू इचारलंस, काय अडकलंय का. पातेलं अडकत न्हाई, पातेलं ठिवत्यात.”

आणि यात आबांची काही चूक नव्हती. मेंढरांच्या मुक्कामाला धुतलेलं भांडं काठीवर पालथं घालायची रीतच असते, कुत्र्यांनी चाटू नये म्हणून. आबांनी आयुष्यभर ज्या ज्या मुक्कामाला काठी बघितली, तिच्यावर भांडं बघितलं. आपण झाडाचं वर्णन करताना त्याला सालही आहे असं सांगतो का? मात्र विमानाच्या दृष्टीनं ते पातेलं म्हणजे कानावर घट्ट दाबलेला हात. दूध तापवायला पातेलं खाली गेलं की कान उघडा. पातेलं धुवून वर आलं की कान बंद.

मायानं पातेलं काढून कठड्यावर ठेवलं. खालून आबा ओरडले की पडद्यावर इमानं आली, एक तर हितं डोक्यावरच हाय. मायाला हसू आलं. झालं, सुटलं. तेवढ्यात शिडी करकरली आणि रंगुबाई वर आली. बसमध्ये धरणारी तिची पाठ शिडीवर कधी धरत नसे.

तिनं मायाकडं बघितलं. पातेल्याकडं बघितलं. मग सावकाश पातेलं उचललं आणि परत काठीवर पालथं घातलं.

“आजी, ते वाळलंय की.”

“वाळू दे आजून.”

“त्येच्यामुळंच इमानं दिसत न्हाईत.”

“म्हाईत हाय मला,” रंगुबाई म्हणाली.

रंगुबाई कठड्यावर टेकली. “पयल्या दिशी सवयीनं घातलं. मग बघितलं, ह्ये घातलं की तुझी इमानं जात्यात. म्हनलं, बरं झालं.”

“तुला भ्या वाटतंय व्हय?”

“मला कशाचं भ्या? मेंढरं घिऊन कोकणात गेले, पुरातनं गेले.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “त्या दिशी तू दावलंस ते इमान. जतच्या म्होरं गेलं आन् इझलं. तू म्हनलीस, गेलं. मी वर बसल्यावर तू हितं बघत बसनार. आन् माझं बी तितंच इझनार. मग तू काय करशील? ह्ये म्हातारं काय करंल?”

आता मायाच्या ध्यानात आलं की त्या संध्याकाळी आपलं काय सांगायचं राहिलं. तिनं पुस्तकातलं वाक्य आठवून बघितलं, पृथ्वी गोल आहे, लहरी सरळ जातात. मग ते सोडून दिलं.

“आजी, कोकणात जाताना तू घोडं घिऊन म्होरं जायचीस, आबा मेंढरं घिऊन मागनं. खिंडीपल्याड गेलीस की आबांना दिसायचीस का?”

“डोंगराच्या आडनं कसं दिसंल?”

“मग आबा रडायचं का, रंगी इझली म्हनून?”

रंगुबाईला हसायचं नव्हतं, तरी हसू फुटलं. “त्यो कशाला रडतोय. त्येला ठावं असायचं, मी म्होरच्या मुक्कामाला चूल पेटवून बसली आसंन. तितली मानसं बघत्यातच की मला येताना.”

“तसंच हाय. जतच्या लई म्होरं गेलं की जमीनच वाकती, डोंगरासारखी आड येती. इमान पडत न्हाई, तिच्या आड जातंय. आपल्या काठीला तितपातूरच आइकू येतंय.”

“आन् तितनं म्होरं?”

तितनं म्होरं मायाची काठी पोचत नव्हती. खोटं सांगता आलं असतं. आजीला पटलंही असतं कदाचित.

“म्होरच्या मुक्कामाला कोन बघनार मला?” रंगुबाईनं पुन्हा विचारलं. हात अजून पातेल्यावरच होता.

मायानं कठड्यावरून वाकून हाक मारली. “आबा, गोठ्याच्या भिंतीवर चढा आन् काकाला फोन लावा.”

फोन लागला. आबांनी तो शिडीवरून वर दिला आणि बोलणं तुटू नये म्हणून माया कडुलिंबाच्या बाजूच्या कोपऱ्यात एका पायावर उभी राहिली.

“काका, दुकानात तांब्याची तार हाय?”

“तांबं काय, चांदीची पण हाय,” काका म्हणाला. “का गं?”

“तांब्याचीच घे. चांदीची केलीस तर रात्रीत चोरीला जाईल. आन् जसा डोंगल मला पाठवलास तसा एक आत्ताच्या आत्ता बाजारातनं आण. आजी जतच्या म्होरं गेली की तुला दिसली पायजे.”

“उद्याच्या आत? आगं, दुकान उघडं हाय, गिऱ्हाईक बसलंय.”

मायानं फोन आजीच्या कानाला लावला.

“राजा,” रंगुबाई म्हणाली, “गिऱ्हाईक उठव. मी वर असताना तू हिशेब करत बसलास तर मी येत न्हाई.” पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ती ऐकत राहिली. मग तिचा हात पातेल्यावरून खाली आला. “बरं. घे तार. आन् पोरगी सांगती तसंच कर. येका वेळी येकच. सयाजीसारखं नगं.”

माया तिच्याशेजारी मांडी घालून बसली, आबांनी खालून आणून दिलेली दप्तरातली पट्टी गुडघ्यावर ठेवली, सोबत आलेला तारेचा उरलेला तुकडा तिच्याशी जुळवला, आणि बेंगळुरूत गिऱ्हाईक उठवून बसलेल्या काकाला पहिलं माप सांगितलं.